डावा कौल

देवीनं नको म्हटलं असताना मी माझा उजवा खांदा उघडून घेतला आणि आत धातूचा सांधा बसवून घेतला, ही गोष्ट मी कितीतरी दिवस कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, आणि ज्या डॉक्टरांनी तो सांधा बसवला त्यांना तर नाहीच नाही. गावातली माणसं भेटायला यायची, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायची, "बाई, आता लई लवकर बऱ्या व्हनार तुमी" असं म्हणून चहा पिऊन जायची. मी मान हलवायची. मनात म्हणायची, तुम्हाला काय ठाऊक, मला बरं करायचं की नाही याचं उत्तर आधीच येऊन गेलंय. असं एक उत्तर पोटात घेऊन माणूस आजारातून उठायला बघतो तेव्हा काय होतं, आणि मला त्यातून कुणी उठवलं, ते सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव आहे. भाताची खाचरं, थोडी नाचणी, दोन गायी, एवढा आमचा पसारा. मी गावातली अंगणवाडी चालवायची, म्हणून म्हातारी झाले तरी गाव मला बाईच म्हणतं. सगळी हयात मी लोकांना एकच सांगत आले, आधी दवाखाना, मग देव. पोराला ताप आला की अंगारा लावून बसणाऱ्या आयांना मी दारात जाऊन रागवायची. देवावर माझा राग नव्हता. टेकाडावर जाखमातेचं देऊळ आहे, तिला जाता-येता हात जोडायचे, यात्रेला नैवेद्य दाखवायचा, इतकंच आमचं दोघींचं बोलणं. तिनं मला काही विचारलं नाही, मी तिला काही मागितलं नाही, आणि असं आमचं चांगलं चाललं होतं.

दिवाळी झाल्यावर भाताची झोडणी चालू होती. खळ्याशेजारी कापलेल्या पेंढ्यांची उंच रास रचलेली असते, तिला आम्ही उडवी म्हणतो. वरच्या पेंढ्या खाली द्यायला कुणीतरी वर चढावं लागतं. आमचे मालक खालून ओरडत होते, "आगं उतर, तुझं वय हाये का ते?" आणि वयाचं नाव काढलं म्हणूनच मी आणखी वर चढले. भाताचा पेंढा निसरडा असतो, हे मला जन्मापासून माहीत आहे. घसरले ती थेट खळ्याच्या दगडी कडेवर, उजव्या खांद्यावर. आतून कडकन आवाज आला तो मीच नाही, मालकांनीही ऐकला.

पुढं जे केलं त्याची लाज वाटते, पण हसूही येतं. जिनं गावाला दवाखान्याचा रस्ता दाखवला तिला पहिल्यांदा नेलं ते हाडं बसवणाऱ्या बुवाकडे, आणि ती मुकाट गेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. त्यानं ओढलं, पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. खांदा सुजून काळानिळा झाला, हात लाकडासारखा लोंबू लागला. शेवटी सून सारिकानंच गाडी बोलावली आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं की खांद्यातला हाडाचा गोळा चुरडलाय, तो जुळायचा नाही, सांधाच बदलावा लागेल. तोही उलटा बसवायचा. देवानं दंडाला गोळा दिलाय आणि पाठीच्या फऱ्याला वाटी, आम्ही वाटीच्या जागी गोळा बसवणार आणि गोळ्याच्या जागी वाटी, म्हणजे फाटलेल्या स्नायूंचं काम दुसरे स्नायू उचलतील. मालकांनी मान डोलावली. मला मात्र त्या 'उलटा' शब्दानं धडकी भरली. देवानं एका बाजूनं घडवलेलं माणूस हे लोक दुसऱ्या बाजूनं जोडणार, आणि ते चालणार कसं? कपडे आणायचं निमित्त करून मी दोन दिवस घरी जायची परवानगी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पाणी भरायला गेली तशी मी गळ्यात हात बांधलेला घेऊन टेकाड चढले. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीला कौल लावणार होते. आमच्याकडे कौल असा लावतात. जाखमातेची मूर्ती दगडाची, शेंदराच्या थरांनी गोल झालेली, उंच चौथऱ्यावर बसलेली. पुजारी झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून तिच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो. मग आपण मनातलं विचारायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर आईचं हो, डावी पडली तर नको. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाकीचं काही विचारायची मला कधी गरजच पडली नव्हती.

पुजारीबाबा म्हातारे, मोजकं बोलणारे. मला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. पाकळ्या लावल्या आणि बाजूला सरले. मी डोळे मिटून म्हटलं, आई, तुला आजवर त्रास दिला नाही. हा खांदा बदलून घेऊ का, एवढंच सांग. डोळे उघडले. देवळात नुसता दिव्याचा फडफडाट. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग माझ्या डाव्या हाताच्या बाजूची पाकळी जराशी घसरली, थांबली, आणि गळून आईच्या पायाशी पडली. मी पुजारीबाबांकडे पाहिलं. त्यांनी ती पाकळी उचलली, अंगाऱ्याची चिमूट माझ्या तळव्यावर ठेवली आणि म्हणाले, "आईची मर्जी. दवाखान्याचं तुमी बगा." मी अंगारा मुठीत धरून खाली उतरले.

तरी मी गेले. का गेले, ते खरं सांगते. दुखणं देवापेक्षा जवळ होतं. कूस बदलली की डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि सारिकानं पिशवी भरून दारात ठेवली होती. मालकांना कौलाचं सांगितलं असतं तर त्यांनी मला गाडीत बसू दिलं नसतं. ते फार भोळे आहेत. म्हणून मी तोंड शिवून घेतलं आणि गाडीत बसले. शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टर खूश होते, फोटो दाखवून सांगत होते की सांधा अगदी मनासारखा बसलाय. मी पडल्यापडल्या विचार करत होते, देवीनं कौल उलटा दिला आणि डॉक्टरांनी सांधा उलटा बसवला, आता या दोघांच्या भांडणात माझं काय होणार? त्यावर मला एकटीलाच हसू फुटलं. शेजारची नर्स धावत आली, तिला वाटलं भुलीचं औषध डोक्यात गेलं.

घरी आल्यावर हात गळ्यातल्या पट्ट्यात. जेवायचं डाव्या हातानं, चमच्यानं, निम्मं ताटात आणि निम्मं पदरावर. आंघोळ सुनेच्या हातून, लुगडं सुनेच्या हातून. ती माझी वेणी शाळकरी पोरीसारखी घट्ट घालायची, कपाळाच्या शिरा ताणल्या जायच्या, पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? सगळ्यात जास्त लागायचं ते कुंकवाचं. लग्न झाल्यापासून माझं कुंकू मी लावलेलं आहे, आरशात न बघता, चुलीपुढं बसल्या जागी. आता रोज सकाळी सारिका आपल्या बोटानं लावायची आणि मी डोळे मिटून घ्यायची. डाव्या हातानं लावलं असतं, पण डाव्या हातानं देवाधर्माचं काही करू नये असं लहानपणी हाडात मुरवलेलं. त्याच कारणानं देवघरातला दिवा लावायचंही मी सोडलं. लोकांना वाटलं बाई नेमाची पक्की. खरी गोष्ट अशी होती की आईच्या फोटोसमोर उभं राहायचं मला धाडस नव्हतं.

पट्टा निघाला आणि व्यायाम सुरू झाले. घोडेगावात व्यायाम करून घेणारी एक तरुण पोरगी होती, तिच्याकडे ठरलेल्या दिवशी जायचं. पुढं वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडून हलवायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर वर चढायचं. छताला कप्पी बांधून दोरीच्या एका टोकाला दुखरा हात धरायचा आणि चांगल्या हातानं दुसरं टोक ओढून त्याला वर न्यायचं. तिनं सगळं छान समजावलं. पण बोटं भिंतीवर छातीपर्यंत गेली की खांद्यात सणक उठायची, आणि ती उठली की मला पाकळी घसरताना दिसायची. आई आपला शब्द खरा करतेय, मी कशाला आडवी येऊ? मी हात खाली घ्यायची. घरी मालकांनी कप्पी कुठं बांधू म्हणून विचारलं तर मी उद्या म्हणायची. उद्याचा उद्या झाला, पण कप्पी काही चढली नाही.

त्या पोरीला हे कळत होतं. एक दिवस तिनं माझा हात धरून हळूच वर नेला, तो तिच्या हातात गेला की जायचा, सोडला की पडायचा. ती म्हणाली, "आजी, सांधा एकदम मस्त बसलाय. तुम्हीच हात उचलत नाही. हे दिवस असेच घालवले तर तो आखडून जाईल, मग मी काय, डॉक्टरपण काही करू शकणार नाहीत." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी बाहेर आले आणि मनाशी ठरवलं, आता परत यायचं नाही. डाव्या हातानं जगणारी माणसं काय थोडी आहेत?

त्या दिवशी सारिकाला ताप होता म्हणून मी एकटीच होते. मालकांनी सकाळी शेजाऱ्याच्या जीपमधून सोडलं होतं, परतीला एसटी. आमच्या डोंगरातली एसटी म्हणजे आली तर आली. आली तेव्हा स्टँडवरची सगळी माणसं एकदम दाराशी लोटली. मी खांदा वाचवत मागं उभी, आणि वर चढले तर धरायला वरची दांडी, तिथं हात कुठून पोचणार? तेवढ्यात मागून एक आवाज आला, "ओ पावणं, बाईचा हात बगा की! सरका, त्या खिडकीजवळ बसू द्या त्यान्ला." एक काळीसावळी, काटक बाई होती, माझ्याच वयाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, काखेत कापडात बांधलेलं गाठोडं. तिनं माणसं बाजूला केली, मला उजव्या अंगाच्या रांगेत खिडकीशी बसवलं, म्हणजे दुखरा खांदा खिडकीकडे आला, आणि स्वतः माझ्या शेजारी भिंत होऊन बसली. गाठोड्यात नाचणीचे पापड होते, डिंभ्याला लेकीकडे चालली होती. आपण मढ गावाकडच्या, हेही तिनं न विचारता सांगितलं.

मग तिनं विचारलं, "काय झालं वो हाताला?" मी पडल्याचं सांगितलं, सांध्याचं सांगितलं. आता बरं आहे म्हणून थांबणार होते. पण तिनं नुसतं "मंग तोंड आसं का?" एवढं म्हटलं आणि माझा बांध फुटला. ज्या गोष्टीनं मी घरात माणसांत राहून एकटी पडले होते ती गोष्ट मी भरल्या एसटीत एका अनोळखी बाईला सांगून टाकली. पुन्हा भेटणार नाही अशा माणसापुढं मन मोकळं होतं, तसंच झालं असेल. ती पापडाच्या गाठोड्यावर हनुवटी टेकवून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "पाकळी डावी पडली म्हंता. कुनाची डावी?"

मला प्रश्नच कळला नाही. डावी म्हणजे डावी. मी माझा डावा हात वर करून दाखवला, या बाजूची. तशी ती हसायला लागली. तिनं गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं, एसटी खड्ड्यांतून आदळत होती तरी माझ्याकडे पुरती वळून बसली, आणि दोन्ही हात आपल्या दोन्ही खांद्यांवर ठेवले. "आता मी आई हाये आसं समजा. तुमी माज्या म्होरं हात जोडून हुब्या हायसा. सांगा, माजा उजवा खांदा कुटला?" मी बोट केलं. माझं बोट माझ्या डाव्या अंगालाच गेलं होतं. "मंग?" ती म्हणाली. "कौल आईचा, मंग हात बी तिचाच धरायचा न्हवं का? आमच्याकडं तर तिच्याच हाताचं धरत्यात. ती व्हय म्हनली व्हती बाई तुमाला. आनि तुमी उगंच तिच्या नावानं रडताय."

पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळून बघत होता. मला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदम झालं. ती माझी पाठ थोपटत राहिली, चांगल्या बाजूची. डिंभ्याला एसटी थांबली तशी गाठोडं उचलून ती उठली आणि जाताजाता म्हणाली, "हात हालवत ऱ्हावा बाई. आईनं व्हय म्हनलेलं काम आर्दं टाकू नये." खाली तिची लेक कडेवर मूल घेऊन उभी होती. तिनं नातवाचा गाल ओढला आणि तिघं चालू लागली. तिचं नाव विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

घरी पाऊल टाकल्या टाकल्या मी मालकांना म्हटलं, कप्पी बांधा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि काही न विचारता जुन्या विहिरीवरची कप्पी शोधून काढली. घरात आढं उंच, म्हणून ती गोठ्यातल्या तुळईला बांधली आणि दोरी म्हणून गायीचं दावं. सकाळ-संध्याकाळ मी गोठ्यात उभी राहून दावं ओढायची आणि गाय रवंथ थांबवून माझ्याकडे बघायची, मला बांधणारी बाई आज स्वतःच दाव्याला का, असं. भिंतीवर बोटं जिथवर चढतील तिथं मी कोळशानं रेघ मारायची. अंगणवाडीत पोरांची उंची अशीच भिंतीवर मोजत होते, आता माझ्या बोटांची मोजू लागले. रेघ वर सरकली नाही की पोरांना म्हणायची तेच स्वतःला म्हणायची, जेवत नाही का गं नीट?

दुखणं कमी झालं म्हणाल तर मुळीच नाही. तीच सणक, तीच जागा. पण आधी ती उठली की मला आई दार लावून घेतेय असं वाटायचं, आणि आता वाटायचं की दार जड आहे, ढकलायला वेळ लागणार. मी पुन्हा देवघरातला दिवा लावू लागले. हात निरंजनापर्यंत पोचेना तर निरंजन खाली पाटावर घेतलं. हात जसजसा उठला तसतसं ते आपल्या जागी वर गेलं. घोडेगावच्या पोरीनं एक दिवस हात सोडला आणि तो पडला नाही, हवेत तसाच राहिला. ती टाळी वाजवून म्हणाली, "आजी, काय केलंत?" मी म्हटलं, "एसटीनं प्रवास." तिला ते विनोदी वाटलं.

मग ती सकाळ आली. सारिका कुंकवाचा करंडा घेऊन आली तेव्हा मी तो तिच्या हातातून घेतला. उजवं बोट कुंकवात बुडवलं, वर नेलं, कोपर थरथरत होतं, आणि बोट कपाळाला टेकलं. वाकडं लागलं, भुवईवर लागलं, पण माझं मी लावलं. सारिका दाराच्या चौकटीला टेकून रडली. लगेच डोळे पुसून म्हणाली, "आत्या, माजं एक काम तर कमी झालं." मी तिला जवळ घेतलं, दोन्ही हातांनी. इतके दिवस जिनं मला न्हाऊमाखू घातलं तिला मी तोवर एका हातानं सुद्धा जवळ घेतलं नव्हतं.

भाताचं रोप टाकायच्या आधी, हंडा उचलायचा नाही एवढी ताकीद सोडली तर हात कामाला लागल्यावर, मी मालकांना घेऊन देवळात गेले. त्यांना आता सगळं सांगितलं होतं, मढकडच्या बाईसकट. ते बाहेर ओट्यावर बसले. मी आत गेले आणि पुजारीबाबांना म्हटलं, बाबा, मीच वेडी. आईनं हो म्हटलं होतं आणि मला कळलंच नाही. कौल तिच्या हाताचा धरायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नाही. बाबा वातीला तेल घालत होते ते थांबले. डोकं खाजवलं. "कुनी सांगितलं आसं?" मी एसटीतल्या बाईचं सांगितलं. त्यांनी वात पुढं सारली आणि म्हणाले, "तिकडं तसं आसंल. आपल्याकडं बाप-आज्यापास्नं समोर हुबा ऱ्हातो त्याच्याच हाताचं धरत्यात. त्यो कौल डावाच व्हता, बाई."

मग तेव्हा का नाही बोललात, असं मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी शांतपणे तेलाची वाटी खाली ठेवली. "तुमी दुखन्यात व्हता. दवाखान्यात निगालेल्या मान्साला म्या कशाला आडवू? आईची मर्जी म्हनलो, ते काय खोटं न्हाई."

मी तिथंच खांबाला टेकून बसले. खांद्यातली प्रत्येक सणक ज्या 'हो'च्या जोरावर सोसली ते 'हो' आईनं म्हटलंच नव्हतं. एका बाईनं आपल्या गावचा रिवाज माझ्या देवीला लावला होता, आणि मी त्यावर उजवा हात उभा केला होता. एक क्षण फसवल्यासारखं वाटलं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, बसताना खांब धरायला वर केलेला माझा हात अजून खांबावर होता, डोक्याच्याही वर. तो चुकीच्या 'हो'पायी वर गेला होता म्हणून आता खाली पडणार होता का? आई आपला शब्द फिरवत नाही, असं म्हणतात. नसेल फिरवत. पण तो शब्द दुसऱ्या बाजूनं वाचणारी बाई, त्याच दिवशी, त्याच एसटीत, माझ्या दुखऱ्या खांद्याची आडोशाची बाजू बघून माझ्या शेजारी कुणी बसवली, हे मला सांगता येत नाही. मी वाद घालत नाही. ती बाई काही देवी नव्हती. तिच्या टाचांना भेगा होत्या, गाठोड्यात पापड होते आणि लेक फाट्यावर उभी होती. कुणाच्या पदरात काय घालायचं ते घालायला आईला अशीच माणसं लागत असतील.

बाबांना माझी दया आली असावी. त्यांनी झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि म्हणाले, "परत लावू का? मनात काय आसंल ते ईचारून घ्या." मी म्हटलं, बाबा, मी लावू का? त्यांनी जरा विचार केला आणि पाकळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या.

चौथऱ्यावरच्या आईचे खांदे माझ्या डोक्याच्या उंचीला येतात. मी उजवा हात उचलला. नवा सांधा आत हलकेच सरकला, दंड ताणला, आणि पाकळी तिच्या एका खांद्यावर चिकटली. मग दुसरी दुसऱ्या. शेंदूर गार होता. इतकी वर्षं जाता-येता नमस्कार केला, पण तिला हात मी त्या दिवशी पहिल्यांदा लावला. हात जोडले. विचारायचं काही मनात आलं नाही, माझा हात तिच्या खांद्यापर्यंत पोचला याचं बरं वाटलं, एवढंच. आणि पाकळ्या अजून जागेवर होत्या तोच मी पाठ फिरवली.

"आवो बाई, बगा तरी!" बाबा मागून म्हणाले. राहू द्या, मी म्हटलं. बाहेर मालक चपला सरळ करून ठेवत होते. "काय म्हनली आई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज मी काही विचारलंच नाही. उतारावर धरायला म्हणून त्यांनी त्यांचा हात पुढं केला, आणि मी सवयीनं डावा द्यायची ती उजवा दिला.

आजही घोडेगावला जाता-येता डिंभ्याच्या फाट्यावर एसटी थांबली की मी खिडकीतून मान काढून बघते. ती बाई मला पुन्हा दिसली नाही. सकाळी चुलीपुढं बसून कुंकू लावताना बोट कपाळाला टेकलं की खांद्यात अजून एक बारीक कळ येते. ती राहील, असं डॉक्टर म्हणाले आहेत. ती आली की मी आधी आईला हात जोडते, मग मढकडच्या त्या बाईला. दोघींमध्ये खरं कुणाचं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.